डिकन्सची कुत्री आणि डिकन्सचे वाचक

मोठ्या लेखकाच्या घरी जावं आणि लेखकाआधी त्याच्या कुत्र्यानं आपली चौकशी करावी, यात नवल नाही. पण चार्ल्स डिकन्सच्या घरी ही चौकशी करायला एक नाही, चांगली चार-पाच कुत्री असायची आणि त्यातली दोन-तीन वासराएवढी. इंग्लंडच्या केंट परगण्यात, रॉचेस्टरजवळ गॅड्स हिल नावाचं त्याचं घर होतं. लहानपणी वडिलांबरोबर फिरायला जाताना त्यानं ते बाहेरून पाहिलं होतं आणि खूप मेहनत केलीस तर एक दिवस तू इथं राहशील, असं वडील म्हणाले होते. पुढे त्याच वडिलांना कर्जापायी तुरुंगात जावं लागलं आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत बसला. 1856 साली त्यानं ते घर खरोखर विकत घेतलं.

घर डोव्हरच्या हमरस्त्यावर होतं. रस्त्यानं भटके, फिरस्ते, कामाच्या शोधातली माणसं सतत जात-येत असत, म्हणून राखणीला मोठी कुत्री ठेवायची असं ठरलं. हे झालं अधिकृत कारण. खरं कारण त्याची मुलगी मेमी हिच्या आठवणी वाचल्या की कळतं. या माणसाला कुत्र्यांशिवाय चालतच नसे. लिहून झालं की दुपारी तो मैलोन्‌मैल चालायला जायचा. सोबत आलेले पाहुणे अर्ध्या रस्त्यात दमायचे, कुत्री मात्र दमत नसत.

यातल्या काहींची ओळख करून देतो, कारण पुढे ती लागणार आहेत.

पहिला टिंबर. 1842 साली डिकन्स तिशीत, बायको कॅथरीनला घेऊन अमेरिकेला गेला, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका विनोदी नटानं त्याला हे झिपरं पिल्लू भेट दिलं. मूळ नाव टिंबर डूडल. डिकन्सला ते पुरेसं भारदस्त वाटलं नाही, म्हणून त्यानं ‘स्निटल टिंबरी’ केलं. ज्याच्या कादंबऱ्यांत पंबलचूक आणि स्निव्हेलिची अशा नावांची माणसं राहतात, त्याच्या कुत्र्याचंही बारसं असंच व्हायचं! पुढे कुटुंब वर्षभर इटलीत राहिलं. तिथं टिंबरला इतक्या पिसवा झाल्या की अंगावरचे सगळे केस कापावे लागले. डिकन्सनं पत्रात त्याचं जे वर्णन केलंय ते वाचून हसू आवरत नाही. आठवडाभर तळ्यात बुडालेल्या कुत्र्याचं भूत खोलीत सरकत यावं तसा तो दिसायचा म्हणे, आणि आपण कुठे गेलो ते शोधत स्वतःभोवती गोल गोल फिरायचा.

मग टर्क. हा मॅस्टिफ जातीचा, समजूतदार आणि लळा लावणारा. लिंडा ही सेंट बर्नार्ड. डॉन आणि बंबल हे न्यूफाउंडलंड जातीचे बाप-लेक. बंबल हे नाव ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या त्या फुगीर अधिकाऱ्यावरून. पिल्लू असल्यापासूनच हा गडी अंगणावर पहारा देत असल्याचा असा काही आव आणायचा की दुसरं नाव सुचलंच नसेल. एकदा मेडवे नदीत पोहताना हा बंबल पाण्यातल्या लाकडांत अडकला आणि गटांगळ्या खाऊ लागला. बाप काठावर होता. काहीतरी बिघडलंय हे ध्यानात येताच डॉननं उडी मारली आणि लेकाचा कान तोंडात धरून त्याला काठावर आणलं.

आणि घराची खरी मालकीण, मिसेस बाउन्सर. पांढरीशुभ्र, मूठभर पॉमेरियन. होती मेमीची, पण डिकन्सनं तिच्यापुरता एक खास आवाज राखून ठेवला होता. त्या आवाजात हाक आली की घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून ती धावत यायची.

आता वाचकांकडे वळू. कुत्र्यांचं आणि वाचकांचं एका लेखात काय काम, असं वाटेल. पण डिकन्सच्या आयुष्यात प्रेम करणारे हे दोन मोठे गट होते, आणि दोघांचं प्रेम अगदी वेगवेगळ्या जातीचं होतं.

डिकन्सच्या कादंबऱ्या पुस्तकरूपानं एकदम येत नसत. ‘पिकविक पेपर्स’ 1836-37 मध्ये महिन्याला एक शिलिंगचा एक भाग असा निघाला. सुरुवातीला जेमतेम हजार प्रती छापल्या गेल्या, शेवटाकडे खप चाळीस हजारांच्या घरात गेला. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून अशीच क्रमशः आली होती. हप्त्यानं येणाऱ्या गोष्टीची गंमत तुम्हां-आम्हां वेबसिरीजवाल्यांना वेगळी सांगायला नको. फरक एवढाच, की आपण सगळा सीझन एका रात्रीत संपवतो. ते वाचक महिनाभर थांबायचे आणि थांबताना लेखकाला पत्रं लिहायचे. लेखकाचं पुढचं लिहायचं बाकी असायचं. म्हणजे वाचकाचं पत्र गोष्ट संपण्याआधी लेखकाच्या टेबलावर पोचायचं. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या दोन हकिगती त्यावरच उभ्या आहेत.

पहिली हकिगत 1849 ची. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ चालू होती. डिसेंबरच्या भागात मिस मॉवचर नावाची एक ठेंगणी बाई येते. श्रीमंतांच्या घरी जाऊन केस-नखं करणारी, वाचाळ, जरा संशयास्पद. पुढे तिच्या हातून एक वाईट काम करवून घ्यायचं डिकन्सच्या मनात होतं. भाग बाहेर पडला आणि त्याच्याच वस्तीत राहणाऱ्या जेन सेमूर हिल नावाच्या बाईचं पत्र आलं. त्या स्वतः ठेंगण्या होत्या, पायांची निगा राखण्याचं काम करून पोट भरत होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. शरीराच्या व्यंगाचा त्रास मी जन्मभर सोसलाच आहे, आता तुम्ही मला गावभर ओळखता येईल असं रंगवलंत, लोक माझ्याकडे बघून हसतात, माझं कामही जाईल.

डिकन्सनं उत्तर पाठवलं. तुमचं थोडंफार माझ्या मनात होतं, पण बरंचसं दुसऱ्या कुणाचं आहे, असं थोडं वकिली उत्तर आधी दिलं. पण त्याच पत्रात वाईट वाटल्याचं सांगितलं आणि पात्र बदलण्याचा शब्दही दिला. आणि बदललं. काही भागांनंतर मिस मॉवचर पुन्हा येते ती चांगली, दुखावलेली, स्वाभिमानी बाई होऊन. आणि शेवटाकडे एका बदमाशाला पकडून देण्याचं श्रेयही तिलाच मिळतं. समीक्षक म्हणतात, पात्राचा सांधा तिथं दिसतो. दिसतोच. पहिली मॉवचर आणि दुसरी मॉवचर एक बाई वाटत नाही. मला तो सांधा आवडतो. एका अनोळखी बाईचं पोट वाचवण्यासाठी एवढ्या मोठ्या लेखकानं आपल्या कादंबरीवर घातलेलं ते ठिगळ आहे.

दुसरी हकिगत जास्त मोठी आणि जास्त अवघड. 1860 साली डिकन्सनं लंडनचं आपलं टॅव्हिस्टॉक हाउस विकलं. घेणारे डेव्हिस हे ज्यू गृहस्थ. सौदा होण्याआधी त्यांच्याबद्दल डिकन्स पत्रांत फार बरं बोललेला नाही. सौदा झाल्यावर मात्र इतका सरळ व्यवहार आपण पाहिला नाही, अशी कबुली त्यानं दिली. तीन वर्षं गेली. 1863 च्या जूनमध्ये त्या गृहस्थांच्या पत्नी, एलायझा डेव्हिस, यांचं डिकन्सला पत्र आलं. एका धर्मादाय कामासाठी देणगी मागायचं निमित्त होतं. खरा मुद्दा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला फेगिन हा होता. मुलांना खिसे कापायला शिकवणारा म्हातारा. डिकन्स त्याला नावानं कमी आणि ‘तो ज्यू’ म्हणून जास्त संबोधतो, पानामागून पान. एलायझाबाईंनी लिहिलं, की पददलितांचा कैवारी म्हणवणाऱ्या लेखकानं आमच्या समाजाबद्दल द्वेष वाढवला आहे.

डिकन्सनं आधी बचाव केला. त्या काळी तसला धंदा करणारे बरेचसे ज्यू असत, पुस्तकातले बाकीचे दुष्ट ख्रिस्तीच आहेत, मी धर्माला नावं ठेवलेली नाहीत, वगैरे. आपण सगळेच देतो ते उत्तर. एलायझाबाईंनी ते मान्य केलं नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं, शांतपणे, आणि उलट मुद्दा मांडला. बाकीच्या दुष्टांना कोणी ‘तो ख्रिस्ती’ म्हणत नाही, कारण त्याच पुस्तकात चांगले ख्रिस्तीही आहेत. आमच्यातला एकच आहे, आणि तो हा.

पुढच्याच वर्षी ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ सुरू झाली आणि तिच्यात राया नावाचा एक वृद्ध ज्यू आला. सज्जन, दयाळू, दुसऱ्याच्या सावकारीचं पाप स्वतःच्या माथ्यावर घेणारा. कथेत एके ठिकाणी तो जे बोलतो त्याचा आशय जवळजवळ एलायझाबाईंच्या पत्रातलाच आहे. एका माणसाचं वाईट वागणं बघून लोक आमच्या सबंध समाजाला तसं समजतात, हा तो मुद्दा. खरं सांगायचं तर पात्र म्हणून राया बेताचा आहे. फेगिन दुष्ट असून डोळ्यांसमोर उभा राहतो, राया चांगला असून धूसर राहतो. एलायझाबाईंनी त्याच्यातल्याही चुका काढून पाठवल्या, हे मला फार आवडलं. नुसत्या आभारावर त्या थांबल्या नाहीत.

पण डिकन्सही तेवढ्यावर थांबला नाही. 1867 मध्ये त्याच्या कादंबऱ्यांची नवी आवृत्ती छापली जात होती. त्यात ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या उत्तरार्धातून त्यानं ‘तो ज्यू’ हे शब्द बहुतेक ठिकाणी काढले आणि तिथं ‘फेगिन’ किंवा नुसतं ‘तो’ केलं. आज ते पुस्तक कुणी हातात घेतलं तर पहिल्या भागात तो उल्लेख सारखा सारखा येतो आणि पुढे एकदम विरळ होतो, त्यामागे एक बाई आणि दोन-चार पत्रं आहेत. त्याच साली एलायझाबाईंनी त्याला हिब्रू-इंग्रजी बायबल भेट पाठवलं.

आमच्या धंद्यात ग्राहकाच्या तक्रारीला ‘तिकीट’ म्हणतात. बहुतेक तिकिटं रागानं लिहिलेली असतात आणि काय बिघडलंय ते त्यांतून कळतच नाही. एलायझाबाईंचं पत्र हे नमुनेदार तिकीट आहे. नेमकं कुठे चुकलं, कुणाला काय सोसावं लागलं, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा उघडलेलं. आणि समोरच्यानं तीस वर्षांपूर्वी बाजारात गेलेला माल दुरुस्त केला. सॉफ्टवेअरमध्ये तीस वर्षांपूर्वीच्या कोडला हात लावायला भलेभले घाबरतात.

ही हकिगत मी आपल्या मंडळींना मुद्दाम सांगतोय. आपण पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहतो, घरी मराठी, दारात गुजराती, ऑफिसात तिसरंच काही. हिंदी सिनेमात भांडी घासायला येणारी बाई आणि दारावरचा हवालदार हमखास मराठी असतो, हे आपल्याला खुपतं. खुपावंच. पण मराठी नाटका-सिनेमात गुजराती शेठ किंवा मारवाडी सावकार येतो, आणि त्याच्या नुसत्या उच्चारांवर टाळी पडते, तेव्हा आपणही टाळी देतोच की. शेजारी बसलेला आपला गुजराती मित्र त्या वेळी काय करत असेल, हे एलायझाबाईंनी डिकन्सला विचारलेल्या प्रश्नासारखंच आहे.

असो. वाचकांच्या भेटी काही नुसत्या पत्रांतून होत नव्हत्या. 1858 च्या एप्रिलपासून डिकन्स स्वतःच्या पुस्तकांतले भाग रंगमंचावर वाचून दाखवू लागला, तिकीट लावून. वाचून कसलं, एकट्यानं सगळी पात्रं उभी करायचा. आणि याच 1858 मध्ये त्यानं कॅथरीनला, दहा मुलांच्या आईला, वेगळं काढलं. वर आपल्या साप्ताहिकात जाहीर निवेदन छापून स्वतःची बाजू मांडली. गरिबांच्या, पोरक्यांच्या दुःखानं ज्याचं मन भरून यायचं, त्याचं बायकोशी वागणं वाचताना संताप येतो. इतकं झाल्यावर वाचक तोंड फिरवतील की काय, ही धास्ती त्याला होती.

वाचकांनी तोंड फिरवलं नाही. त्याच वर्षी यॉर्क शहरात रस्त्यानं जाताना एका अनोळखी बाईनं त्याला थांबवलं आणि एकच विनंती केली. तिचं घर ज्या हातानं इतक्या मित्रमंडळींनी भरून टाकलं, तो हात तिला एकदा शिवू द्यावा. बेलफास्टमध्ये एक माणूस कार्यक्रमानंतर धावत आला, हात हातात घेतला आणि आजच्या रात्रीबद्दलच नव्हे, तर माझ्या घरात तुम्ही इतकी वर्षं जो उजेड दिलात त्याबद्दल देव तुमचं भलं करो, असं म्हणाला. हे सगळं डिकन्सनं पत्रांत लिहून ठेवलंय, आणि ज्या पद्धतीनं लिहिलंय त्यावरून कळतं की त्या वर्षी त्याला याची किती गरज होती.

या वाचनांनी पैसा आला आणि तब्येत गेली. 1865 च्या फेब्रुवारीत बर्फातून चालताना घरापासून तीनेक मैलांवर त्याचा डावा पाय एकाएकी जायबंदी झाला. सोबत टर्क आणि लिंडा होती. एरवी उड्या मारत पुढे-मागे धावणारी ही दोन धूडं त्याच्या चालीतला बदल पाहून एकदम गप्प झाली आणि लंगडणाऱ्या मालकाच्या बाजूनं, त्याच्याच संथ गतीनं, नजर न हलवता घरापर्यंत आली. टर्क मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. लिंडा तर पार खचली होती. डिकन्स ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा सांगायचा.

त्याच वर्षी 9 जूनला स्टेपलहर्स्टजवळ तो बसलेली आगगाडी पुलावरून घसरली. दहा माणसं गेली. त्याचा डबा अर्धा लोंबकळत राहिला. बाहेर पडून तो तासन्‌तास जखमींना पाणी पाजत फिरला, मग ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’चं हस्तलिखित राहिलं म्हणून पुन्हा त्या डब्यात चढला. नंतर थोड्याच दिवसांत टर्क रेल्वेखालीच सापडून मेला. आधीच आगगाडीचा धसका घेतलेल्या माणसाला ही बातमी कशी लागली असेल!

टर्कनंतर आला सुलतान. आयर्लंडहून एका लेखकमित्रानं पाठवलेला, सेंट बर्नार्ड आणि ब्लडहाउंड यांचा संकर. डिकन्सपुढे अगदी गोगलगाय, आणि बाकी जगाचा वैरी. दुसरं कुत्रं दिसलं की झेप, लष्करी गणवेश दिसला की झेप. म्हणून तोंडाला मुसकं बांधूनच त्याला बाहेर न्यायचे. मिसेस बाउन्सरला त्यानं एकदाच आणि तेही तात्पुरतंच गिळलं, अशी खुशाली डिकन्स त्या मित्राला कळवतो. एक मांजरीचं पिल्लू मात्र कायमचं गिळलं. तोवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग 1866 मध्ये एके दिवशी साखळी सोडवून तो घरातल्या नोकराच्या लहान बहिणीवर धावून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गोळी घालायचं ठरलं. पाच-सहा माणसं, एक बंदूक आणि एक ढकलगाडी अशी वरात शेताकडे निघाली. आपण कुणाच्या तरी शिकारीला निघालोय या समजुतीनं सुलतान मोठ्या उत्साहानं निघाला. नंतर ढकलगाडी आणि बंदूक पाहून जरा गंभीर झाला. कुणीतरी त्याचं लक्ष वेधायला दगड भिरकावला, त्यानं तिकडे पाहिलं, आणि गोळी थेट काळजात गेली. डिकन्सनं हेही पत्रात विनोदाच्या अंगानंच लिहिलं आहे, पण ते वाचताना हसू येत नाही, आणि त्यालाही येत नसावं. कुत्र्यावर जीव असलेला माणूस एरवी अशा वेळी सबबी शोधतो. पोरीनंच डिवचलं असेल, साखळीच नीट नव्हती, त्याच्या मनात तसं नव्हतं. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर अशी वाक्यं तुम्ही वाचली असतील. तो कुत्रा त्याचा लाडका होता आणि मुलगी नोकराची होती, आणि त्या काळच्या इंग्लंडात नोकराच्या मुलीचं मोल फार धरत नसत. तरी निकाल मुलीच्या बाजूनं, एका रात्रीत लागला.

पुढच्या वर्षी, तब्येत साथ देत नसताना, डिकन्स पुन्हा अमेरिकेला गेला. 1842 ला तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, केसांच्या बटा मागून हैराण केलं होतं. आणि त्याच देशातले प्रकाशक त्याची पुस्तकं छापून एक पैही देत नव्हते. त्यावर तो बोलला तेव्हा तिथली वर्तमानपत्रं त्याच्यावरच तुटून पडली. आता पंचवीस वर्षांनी ब्रुकलिनच्या थंडीत तिकिटांसाठी रात्रभर रांगा लागल्या. रांगेतल्या दलालांनी गाद्या, कांबळी, पाव-मांस आणि व्हिस्कीची बाटली असा सगळा संसार आणला होता आणि रस्त्यातच शेकोटी पेटवली होती. नवरात्रात गरब्याच्या पासांसाठी आपल्याकडे जे चालतं ते यापुढे काहीच नाही.

या दौऱ्यात त्याला भेटलेली सगळ्यात चांगली वाचक अकरा वर्षांची होती. 1868 च्या मार्चअखेर मेन राज्यातल्या पोर्टलंड गावी त्याचं वाचन झालं. केट नावाच्या मुलीला तिकीट काही मिळालं नाही, आई मात्र गेली. दुसऱ्या दिवशी मायलेकी बोस्टनच्या गाडीत बसल्या आणि पाहतात तो त्याच गाडीत डिकन्स! त्याच्या शेजारची जागा रिकामी झालेली पाहून केट आईची नजर चुकवून तिथं जाऊन बसली. तुमची जवळजवळ सगळी पुस्तकं वाचलीत, काही तर सहा सहा वेळा, असं तिनं सांगितलं. मग प्रामाणिकपणे पुढची माहितीही दिली, की फार कंटाळवाणे भाग मात्र मी गाळते. छोटे नाही, लांबलचक असतील तेवढेच.

डिकन्स पोट धरून हसला. मग वही काढली आणि नेमके कुठले भाग कंटाळवाणे, ते तिला विचारून टिपून घेऊ लागला. दोघांनी रडण्याच्या जागांबद्दलही चर्चा केली. तो त्या दिवसांत सर्दी-खोकल्यानं बेजार होता, जेवण जात नव्हतं, झोप येत नव्हती. बोस्टन येईपर्यंत तो त्या पोरीशी बोलत राहिला. ही केट पुढे स्वतः लेखिका झाली. केट डग्लस विगिन. ‘रिबेका ऑफ सनीब्रुक फार्म’ तिचंच, आणि सॅन फ्रान्सिस्कोत गरीब मुलांसाठी मोफत बालवाडी काढणारीही तीच. ही भेट तिनं खूप वर्षांनी लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळली.

त्या मेमध्ये तो गॅड्स हिलला परतला. पाचेक महिन्यांनी. गावानं घरांवर निशाणं लावली होती. गाडी घेऊन डॉन आणि बंबल सामोरे आले. नेहमीची गाडी, नेहमीचा गाडीवान, नेहमीच्या कपड्यांत नेहमीच्या दारातून बाहेर आलेला मालक! मधले महिने त्यांच्या हिशेबातून जणू पुसलेच गेले. नेहमीसारखे गाडीमागून दुडकत, कान ओढून घ्यायला मान वर करत ते चालू लागले. कान ओढायचा मान फक्त त्याचा होता. आवारात गाडी शिरली तेव्हा मात्र लिंडा ढसाढसा रडली, पाठीवर लोळून आपल्या भल्यामोठ्या पंजांनी त्याचं पाऊल कुरवाळू लागली. मेमीनं मिसेस बाउन्सरला खाली बोलावून विचारलं, हे कोण आलंय? त्यावर ती भुंकत भुंकत त्याच्याभोवती नुसती गरगर फिरत सुटली.

यॉर्कच्या बाईला त्याच्या हातानं काय लिहिलंय ते माहीत होतं. लिंडाला ते पाऊल बर्फात लंगडलं होतं एवढंच माहीत होतं.

यानंतर दोनच वर्षं. 15 मार्च 1870 ला लंडनमध्ये शेवटचं वाचन झालं आणि 9 जूनला, स्टेपलहर्स्टच्या अपघाताला बरोबर पाच वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, गॅड्स हिलला तो गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत अगदी साधेपणानं दफन झालं, पण लोकांसाठी थडगं उघडं ठेवावं लागलं. हजारोंनी माणसं येऊन गेली. वाहिलेल्या फुलांत रस्त्याकडेची, चिंधीच्या तुकड्यानं बांधलेली जुडीही बरीच होती.

ज्यांनी डिकन्स अजून वाचला नाही, त्यांनी जाडजूड ठोकळ्यापासून सुरुवात करू नये. 1843 चं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ एका दुपारी वाचून होतं. ते आवडलं तर ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ घ्या, आणि त्यात डोराचा लाडका जिप कुत्रा कधी येतो आणि कधी जातो, तिकडे लक्ष ठेवा. मध्ये लांबलचक कंटाळा आलाच, तर केटसारखी पानं गाळायला हरकत नाही. कुठली गाळली ते मात्र मला कळवा. वही काढून ठेवली आहे.